एकनाथ सोलकर

एकनाथ धोंडू सोलकर (जन्म : मुंबई, १८ मार्च १९४८, मृत्यू : मुंबई, २६ जून २००५) हे भारताकडून १९६९ ते १९७७ या काळात २७ कसोटी सामने खेळलेले क्रिकेटपटू होते. ते डावखुरे फलंदाज होते. मध्यमगती आणि फिरकी अशा दोन्ही प्रकारची डावखुरी गोलंदाजी ते करीत. तथापि त्यांची कीर्ती या दोहोंवर उभी नाही. ती फॉरवर्ड शॉर्ट लेग या जागेवरील त्यांच्या क्षेत्ररक्षणावर उभी आहे. २७ कसोट्यांत त्यांनी ५३ झेल घेतले. किमान २० कसोटी सामने खेळलेल्या खेळाडूंमध्ये, यष्टिरक्षक वगळता, दर सामन्यामागे झेलांचे इतके प्रमाण दुसऱ्या कोणाचेही नाही. क्रिकेटच्या वर्तुळात ते ‘एक्की’ या नावाने ओळखले जात.

केवळ क्षेत्ररक्षणाच्या बळावर एखाद्या खेळाडूची गणना सर्वश्रेष्ठांत करावी का, हा प्रश्न भारतीय क्रिकेटमध्ये सर्वप्रथम सोलकर यांच्या निमित्ताने उभा राहिला.

बालपण

सोलकर यांचे वडील धोंडू हे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील हिंदू जिमखान्यात मैदानाची निगा राखण्याचे काम करीत. मुंबईच्या क्रिकेटमध्ये अशा माणसाला माळी म्हणतात. खेळपट्टी तयार करणे, रोलर फिरवणे, पाणी घालणे ही सारी कामे त्याच्याकडे असतात. जिमखान्याच्या आवारातच एका खोलीत हे कुटुंब राहत असे. एकनाथ यांचे बालपण या मैदानाच्या कडेलाच गेले. सामन्यांच्या वेळी धावफलकावरील आकडे बदलण्याचे काम ते करीत. मैदानावर जाण्यासाठी त्यांना दूरवरून यावे लागले नाही. परंतु मैदानात खेळणाऱ्यांपैकी एक होणे ही निराळी गोष्ट होती. जिमखाने ही सभासदांची संस्था होती आणि माळ्याचा मुलगा हा सभासद नव्हे.

त्यांचे बंधू अनंत सोलकर हेही प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळले. एका माळ्याच्या घरातून दोन मुले त्या पातळीवर पोहोचली, ही बाब त्या काळच्या मुंबईच्या मैदानी क्रिकेटविषयी पुष्कळ काही सांगून जाते. आझाद मैदान, ओव्हल आणि क्रॉस मैदान येथे शालेय स्पर्धा, क्लबांचे सामने आणि पावसाळ्यात कांगा लीग अशी खेळाची अखंड साखळी होती. कांगा लीग सुरू झाली ती १९४८ साली, म्हणजे सोलकर यांच्या जन्मवर्षीच. या साखळीत धावा करणाऱ्याची आणि बळी घेणाऱ्याची दखल घेतली जाई, मग तो कोणत्याही घरातला असो.

शालेय क्रिकेटमध्ये सोलकर लवकर पुढे आले. १९६४ साली श्रीलंकेच्या (तेव्हाच्या सिलोनच्या) दौऱ्यावर गेलेल्या शालेय संघात ते होते. १९६५-६६ च्या हंगामात लंडनच्या शालेय संघाविरुद्ध भारतीय शालेय संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. पुढे कसोटीपटू झालेले सुनील गावस्कर आणि मोहिंदर अमरनाथ हे त्यांच्या हाताखाली खेळले. १९६९ आणि १९७० मध्ये ते इंग्लंडमध्ये ससेक्स काउंटीच्या दुसऱ्या संघाकडूनही खेळले.

मुंबई संघात

सोलकर मुंबईच्या रणजी संघात आले तेव्हा तो संघ अजिंक्य होता. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वर्षे रणजी करंडक मुंबईकडे राहिला. अशा संघात जागा मिळवण्यासाठी एका गुणावर भागत नसे. सोलकर यांनी मधल्या फळीत फलंदाजी केली, नवा चेंडू हाताळला, तो जुना झाला की फिरकी टाकली आणि उरलेला वेळ फलंदाजाच्या अगदी पुढ्यात उभे राहून काढला. या अष्टपैलूपणामुळे त्यांची तुलना सर गारफिल्ड सोबर्स यांच्याशी होऊ लागली आणि गरिबांचा सोबर्स असे एक विशेषण त्यांना चिकटले. ते कौतुकाने दिलेले असले तरी फारसे अचूक नव्हते, कारण सोबर्स यांच्या फलंदाजीच्या आणि गोलंदाजीच्या जवळपासही सोलकर कधी पोहोचले नाहीत. जिथे ते कोणालाही मागे टाकत, ते अंग या विशेषणात आलेच नाही.

मुंबईसाठी त्यांनी केलेल्या गोलंदाजीपैकी १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यातील कामगिरी विशेष लक्षात राहिली. मद्रासच्या चेपॉक मैदानावर तमिळनाडूविरुद्धचा हा सामना फिरकीला अतिशय साथ देणाऱ्या खेळपट्टीवर झाला. मुंबईने १५१ आणि ११३ धावा केल्या; तमिळनाडूचे दोन डाव ८० आणि ६१ धावांत आटोपले. पद्माकर शिवलकर यांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी घेतले. दुसऱ्या डावातील उरलेले ५ बळी सोलकर यांनी २३ धावांत मिळवले. शिवलकर यांना बिशनसिंग बेदी यांच्या काळात जन्मल्यामुळे एकही कसोटी खेळता आली नाही. त्यांच्या कर्तृत्वाची दखल भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार देऊन घेतली ती २०१७ साली.

फॉरवर्ड शॉर्ट लेगची जागा

सोलकर यांचे महत्त्व कळण्यासाठी त्यांची जागा समजून घेणे आवश्यक आहे. फॉरवर्ड शॉर्ट लेगवरील क्षेत्ररक्षक फलंदाजाच्या पायांच्या बाजूला, खेळपट्टीच्या कडेला, बॅटपासून दोन-तीन पावलांवर वाकून उभा असतो. फलंदाजाने जोराने फटका मारला तर चेंडू दिसण्यापूर्वीच अंगावर येतो. सोलकर खेळत होते तेव्हा हेल्मेट क्रिकेटमध्ये आलेले नव्हते. कसोटी सामन्यात हेल्मेट घालून फलंदाजी करणारा पहिला खेळाडू, ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहॅम यॅलप, १९७८ साली मैदानात उतरला. तोवर सोलकर यांची कसोटी कारकीर्द संपलेली होती. ते उघड्या डोक्याने तिथे उभे राहत.

ही जागा भारतासाठी इतकी मोलाची ठरण्याचे कारण भारतीय गोलंदाजीच्या रचनेत होते. त्या काळात भारताजवळ खऱ्या अर्थाने वेगवान गोलंदाज नव्हता. नवा चेंडू सय्यद आबिद अली आणि स्वतः सोलकर काही षटके टाकत, त्याची चमक गेली की तो फिरकी गोलंदाजांच्या हाती जाई. बेदी, इरापल्ली प्रसन्ना, भागवत चंद्रशेखर आणि श्रीनिवास वेंकटराघवन ही ती प्रसिद्ध चौकडी. हे चौघे एकाच कसोटीत एकत्र खेळले ते केवळ एकदा, १९६७ साली बर्मिंगहॅमला. एरवी त्यांतील दोघे वा तिघे संघात असत.

फिरकीविरुद्ध बचाव करण्याची इंग्लिश फलंदाजांची रूढ पद्धत होती ती पाय लांब पुढे टाकून बॅट आणि पॅड एकत्र ठेवण्याची. पाय इतका पुढे आलेला असताना पायचीत देण्यास पंच सहसा तयार नसत. अशा फलंदाजाला बाद करण्याचा मार्ग एकच उरे : चेंडू बॅटची आतली कड घेऊन पॅडवर आदळावा, किंचित उडावा आणि जमिनीवर पडण्यापूर्वी कोणीतरी तो उचलावा. प्रसन्ना आणि वेंकटराघवन यांचा ऑफब्रेक आत वळून, बेदी यांचा न वळणारा चेंडू सरळ आत येऊन आणि चंद्रशेखर यांचा वेगवान गुगली अचानक उसळून ही संधी निर्माण करीत. ती संधी हातभर अंतराची आणि क्षणभराची असे. ती झेलात रूपांतरित झाली तर गोलंदाजाच्या खात्यावर बळी जमा होई. न झाली तर फलंदाज पुढचा चेंडू खेळायला पुन्हा सज्ज होई आणि धावफलकावर काहीच नोंदले जात नसे.

आणखी एक परिणाम तर मोजताच येत नाही. पुढ्यात असा क्षेत्ररक्षक उभा आहे हे माहीत असलेला फलंदाज पाय पुढे टाकायला कचरतो, मागे राहून खेळतो किंवा त्या माणसाला हटवण्यासाठी आडवा फटका मारतो. यांतून त्रिफळा उडतो, पायचीत होतो, झेल दुसरीकडे जातो. अशा बळीत शॉर्ट लेगचा वाटा असतो, पण त्याचे नाव येत नाही. फिरकी गोलंदाजांना स्वतःला हे पुरते ठाऊक होते. सोलकर पुढे नसते तर आपण इतके बळी घेऊ शकलो नसतो, हे बेदी यांनी पुढे अनेकदा मान्य केले.

कर्णधार अजित वाडेकर यांच्या काळात सोलकर यांच्याभोवती एक पूर्ण वर्तुळच उभे राहिले. वाडेकर स्वतः स्लिपमध्ये, वेंकटराघवन गलीत, आबिद अली लेगच्या बाजूला मागे आणि सोलकर पुढे. भारतीय संघ क्षेत्ररक्षणात ढिला म्हणून ओळखला जात असे. त्या समजाला या चौघांनी पहिला तडा दिला.

कसोटी कारकीर्द

सोलकर यांनी ऑक्टोबर १९६९ मध्ये हैदराबाद येथे न्यूझीलंडविरुद्ध कसोटी पदार्पण केले. त्यांचा खरा काळ सुरू झाला तो १९७१ पासून.

त्या वर्षीच्या वेस्ट इंडीज दौऱ्यात किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत भारताचे ५ गडी ७५ धावांत बाद झाले होते. दिलीप सरदेसाई यांच्या साथीला सोलकर आले आणि दोघांनी सहाव्या गड्यासाठी १३७ धावा जोडल्या. सरदेसाई यांनी २१२, तर सोलकर यांनी ६१ धावा काढल्या. भारताने पुढे वेस्ट इंडीजवर फॉलोऑन लादला. पोर्ट ऑफ स्पेनच्या दुसऱ्या कसोटीतही या जोडीने सहाव्या गड्यासाठी शतकी भागीदारी केली. त्यात सोलकर यांच्या ५५ धावा होत्या. हा सामना भारताने ७ गडी राखून जिंकला. वेस्ट इंडीजविरुद्ध भारताचा हा पहिलाच कसोटी विजय. गावस्कर यांचे पदार्पण आणि सरदेसाई यांचे शतक यांमुळे तो लक्षात राहिला. सोलकर यांनी या एका सामन्यात ६ झेल घेतले होते, ही गोष्ट मात्र मागे पडली. ब्रिजटाउनच्या चौथ्या कसोटीत ६ बाद ७० अशा अवस्थेतून सरदेसाई आणि सोलकर यांनी सातव्या गड्यासाठी १८६ धावा केल्या. सोलकर यांचा वाटा ६५ होता. मालिका भारताने १-० अशी जिंकली.

त्याच उन्हाळ्यात संघ इंग्लंडला गेला. लॉर्ड्सच्या कसोटीत सोलकर यांनी ६७ धावा काढल्या. विजयासाठी १८३ धावांची गरज असताना भारत ८ बाद १४५ वर होता आणि पावसाने खेळ थांबला. मालिकेचा निर्णय ओव्हलच्या तिसऱ्या कसोटीत लागला. इंग्लंडने पहिल्या डावात ३५५ धावा केल्या. यष्टिरक्षक ॲलन नॉट यांनी त्यांत ९० धावांची भर घातली होती. सोलकर यांनी या डावात २८ धावांत ३ बळी घेतले. त्यांच्या कसोटी कारकिर्दीतील ही सर्वोत्तम गोलंदाजी. फलंदाजीत त्यांनी ४४ धावा केल्या.

दुसऱ्या डावात चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ धावांत गुंडाळले. या डावाची कथा चंद्रशेखर यांची म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. पण त्यात सोलकर यांचे दोन झेल निर्णायक होते. चंद्रशेखर यांच्या चेंडूवर कीथ फ्लेचर शून्यावर सोलकर यांच्या हाती झेल देऊन परतले. त्यानंतर नॉट आले. पहिल्या डावात ९० धावा केलेला हा फलंदाज टिकला असता तर इंग्लंडचा डाव सावरला असता. वेंकटराघवन यांच्या चेंडूवर त्यांनी बचावात्मक बॅट पुढे केली. चेंडू किंचित उडाला आणि सोलकर यांनी पुढे सूर मारून जमिनीपासून बोटभर उंचीवर तो पकडला. नॉट १ धाव काढून बाद झाले. संपूर्ण शरीर जमिनीला समांतर, हात थेट बॅटच्या खाली, असे त्या झेलाचे छायाचित्र भारतीय क्रिकेटमधील सर्वाधिक ओळखीच्या छायाचित्रांपैकी एक आहे. २४ ऑगस्ट १९७१ रोजी भारताने हा सामना ४ गडी राखून जिंकला. इंग्लंडच्या भूमीवरील हा भारताचा पहिला कसोटी विजय आणि पहिला मालिका विजय ठरला.

१९७२-७३ मध्ये टोनी लुईस यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा संघ भारतात आला. पाच कसोट्यांची ही मालिका भारताने २-१ अशी जिंकली आणि सोलकर यांनी तीत १२ झेल घेतले. १९७२ च्या अर्जुन पुरस्काराने त्यांचा गौरव करण्यात आला.

१९७४ चा इंग्लंड दौरा भारतासाठी दुःखद ठरला. तिन्ही कसोट्या गमावल्या गेल्या आणि लॉर्ड्सवर भारताचा दुसरा डाव ४२ धावांत संपला. त्या डावात दोन आकडी धावसंख्या गाठणारे एकटे सोलकर होते. ते १८ धावांवर नाबाद राहिले. याच दौऱ्यात त्यांच्या मध्यमगती गोलंदाजीने जेफ्री बॉयकॉट यांना वेळोवेळी सतावले. मँचेस्टरच्या पहिल्या कसोटीच्या दुसऱ्या डावात बॉयकॉट त्यांच्याच चेंडूवर ६ धावांवर बाद झाले. या सामन्यानंतर बॉयकॉट तीन वर्षे इंग्लंडकडून खेळले नाहीत. त्यांच्या या दीर्घ अनुपस्थितीचे सारे श्रेय सोलकर यांना देण्याची एक लाडकी प्रथा आहे. ती अतिशयोक्तीची आहे. बॉयकॉट यांच्या निर्णयामागे इतर कारणे होती. जुलै १९७४ मध्ये लीड्सला झालेल्या भारताच्या पहिल्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यात सोलकर होते. ते एकूण ७ एकदिवसीय सामने खेळले.

जानेवारी १९७५ मध्ये मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर पहिली कसोटी झाली. वेस्ट इंडीजच्या क्लाइव्ह लॉईड यांनी नाबाद २४२ धावा काढल्या. उत्तरादाखल भारताने ४०६ धावा केल्या, त्यांत सोलकर यांच्या १०२ होत्या. हे त्यांचे एकमेव कसोटी शतक. ज्या जिमखान्याच्या धावफलकावर ते लहानपणी आकडे लावीत, तो या नव्या स्टेडियमपासून फार दूर नाही. सामना भारताने गमावला.

यानंतर संघातील त्यांची जागा डळमळू लागली. कलकत्त्यात जानेवारी १९७७ मध्ये इंग्लंडविरुद्ध ते शेवटची कसोटी खेळले. तेव्हा त्यांचे वय अवघे २८ होते. त्याच मालिकेत काही आठवड्यांनी बंगलोरला महाराष्ट्राच्या यजुर्वेंद्र सिंग यांनी कसोटी पदार्पणात फलंदाजाजवळ उभे राहून एका डावात ५ आणि सामन्यात ७ झेल घेतले व तत्कालीन जागतिक उच्चांकांची बरोबरी केली.

आकडेवारी

२७ कसोटी सामन्यांत सोलकर यांनी २५.४२ च्या सरासरीने १,०६८ धावा केल्या. त्यांत एक शतक आणि सहा अर्धशतके होती. ५९.४४ च्या सरासरीने त्यांनी १८ बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या १८९ सामन्यांत त्यांच्या नावावर ६,८९५ धावा, २७६ बळी आणि १९० झेल आहेत.

झेलांचे प्रमाण तुलनेने पाहिले तर अधिक स्पष्ट होते. कसोटीत शंभर झेल घेणारे पहिले भारतीय क्षेत्ररक्षक गावस्कर यांनी १२५ सामन्यांत १०८ झेल घेतले. राहुल द्रविड यांचे २१० झेल १६४ सामन्यांतले. ऑस्ट्रेलियाचे बॉब सिम्प्सन हे सर्वकालीन श्रेष्ठ स्लिप क्षेत्ररक्षकांपैकी एक मानले जातात. त्यांनी ६२ सामन्यांत ११० झेल घेतले. सोलकर यांचे प्रमाण सामन्यामागे जवळजवळ दोन झेलांचे आहे आणि ते या तिघांच्याही वर आहे.

निधन

निवृत्तीनंतर सोलकर मुंबईतच राहिले. २६ जून २००५ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मान्यतेचा प्रश्न

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २००९ मध्ये ‘हॉल ऑफ फेम’ची स्थापना केली. भारतातून आरंभीच गावस्कर, बेदी आणि कपिल देव यांचा त्यात समावेश झाला. पुढे अनिल कुंबळे, द्रविड, सचिन तेंडुलकर, विनू मंकड, वीरेंद्र सेहवाग, डायना एडलजी, नीतू डेव्हिड आणि महेंद्रसिंग धोनी यांची भर पडली. सोलकर यांचे नाव त्यात नाही. फलंदाजासाठी धावा, शतके आणि सरासरी, गोलंदाजासाठी बळी, यष्टिरक्षकासाठी यष्टीमागे बाद केलेल्यांची संख्या, कर्णधारासाठी विजयाचे प्रमाण असे या निवडीचे ठोकताळे आहेत. क्षेत्ररक्षकासाठी असा कोणताही रकाना नाही. त्यामुळे सोलकर यांचा विचार झाला आणि तो फेटाळला गेला असे म्हणता येत नाही. त्यांचा विचार होण्याची सोयच तिथे नाही.

हा पेच केवळ क्रिकेटचा नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये चढाई आणि बचाव यांचे संघ निराळे असतात आणि किक मारणे किंवा किक झालेला चेंडू घेऊन पळणे एवढ्यापुरती मैदानात येणारी तिसरी तुकडी असते. सामन्यात या तुकडीला फार थोडा वेळ मिळतो, म्हणून तिच्यातील खेळाडूंना तेथील हॉल ऑफ फेममध्ये घ्यावे की नाही यावर दीर्घकाळ वाद चालला. केवळ गोलसाठी किक मारणारे यान स्टेनेरुड १९९१ मध्ये निवडले गेले. चेंडू उंच आणि दूर लाथाडून प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलणे एवढेच काम करणारे रे गाय १९८६ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांची निवड २०१४ मध्ये झाली. चेंडू परत पळवून आणण्याबद्दल ख्यात असलेले डेव्हिन हेस्टर २०२४ मध्ये आले. बेसबॉलमध्ये बिल मॅझरोस्की यांची २००१ मधील निवड मुख्यतः त्यांच्या क्षेत्ररक्षणामुळे झाली आणि तिच्यावर बरीच टीकाही झाली.

सोलकर यांच्या विरोधात मांडता येण्याजोगे मुद्दे हलके नाहीत. २७ कसोट्या ही छोटी कारकीर्द आहे. फलंदाज म्हणून २५ ची आणि गोलंदाज म्हणून ५९ ची सरासरी कोणत्याही श्रेष्ठ यादीत बसत नाही. झेलांच्या प्रमाणाबाबतही असे म्हणता येते की जगातील सर्वोत्तम फिरकी गोलंदाज दिवसभर चेंडू टाकत असताना शॉर्ट लेगवर संधी मुबलक येतात. यजुर्वेंद्र सिंग यांनी पहिल्याच कसोटीत ७ झेल घेऊन हे एक प्रकारे दाखवून दिले. शिवाय त्या काळी सुटलेल्या झेलांची नोंद ठेवली जात नसे, म्हणून आलेल्या किती संधींपैकी किती साधल्या हे आज सांगता येणार नाही.

बाजू मांडणारे बहुधा त्यांना अष्टपैलू म्हणून पुढे करतात : सरदेसाई यांच्यासोबतच्या भागीदाऱ्या, बॉयकॉट यांचे बळी, वानखेडेवरील शतक. ही कामगिरी मोलाची होती, परंतु तिच्या आधारे केलेला दावा दुबळा ठरतो. सोलकर यांचा दावा बळकट होतो तो एकाच जागेवरच्या कामाने. त्यांच्या काळात भारताने परदेशात दोन मालिका आणि घरी एक मालिका जिंकली ती फिरकीच्या बळावर, आणि फिरकीचे बळी हे गोलंदाज व जवळचा क्षेत्ररक्षक यांच्या संयुक्त मालकीचे असतात. या भागीदारीतील एक भागीदार, बेदी, हॉल ऑफ फेममध्ये आहेत. यष्टिरक्षकाचे काम हे स्वतंत्र कौशल्य मानून त्यासाठी वेगळा निकष ठेवला गेला आहे. हातमोज्यांशिवाय आणि हेल्मेटशिवाय फलंदाजाला त्याहून जवळ उभे राहणाऱ्याला तसा निकष का नसावा, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. सुटलेले झेल, वाचवलेल्या धावा, मागे रेटलेले फलंदाज हे सारे आता कॅमेऱ्यामुळे नोंदवता येते. १९७१ मध्ये ते शक्य नव्हते.

क्षेत्ररक्षणाचा जो एकमेव आकडा जुन्या नोंदवह्यांत टिकला, तो झेलांचा. त्यात पोर्ट ऑफ स्पेनला १९७१ मध्ये सोलकर यांनी घेतलेले ६ झेल, बंगलोरला १९७७ मध्ये यजुर्वेंद्र सिंग यांचे ७ आणि ऑगस्ट २०१५ मध्ये श्रीलंकेतील गॉल येथे अजिंक्य रहाणे यांनी घेतलेले ८ झेल हे एका सामन्यातील भारतीय क्षेत्ररक्षकांचे टप्पे आहेत. रहाणे यांचा जन्म अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील संगमनेर तालुक्यात आश्वी खुर्द येथे झाला. गॉलमध्ये त्यांनी पहिल्या डावात ३ आणि दुसऱ्या डावात ५ झेल घेऊन तोपर्यंतचा जागतिक उच्चांक मोडला. भारताने तो सामना ६३ धावांनी गमावला.